अ तुकडीचा आवाज

गाणं ऐकायला दोन कान पुरतात, या समजुतीत मी बरीच वर्षं सुखात काढली. नाशिकच्या इंदिरानगरातला दोन बेडरूमचा फ्लॅट, हॉलमध्ये भिंतीला टेकलेले दोन स्पीकर, मधे सासऱ्यांकडून आलेला ऐंशीच्या दशकातला जाडजूड अ‍ॅम्प्लिफायर, आणि संध्याकाळी भीमसेन जोशी. इथल्या सदा तुंबलेल्या बोगद्यातून गाडी काढून घरी पोचलेल्या माणसाला याहून जास्त काही मागायची ताकद उरत नाही.

मग पुण्याहून मेहुणा आला. चपला काढता काढताच त्याने कान टवकारले.

"दाजी, हम येतोय."

"कोण येतंय?"

"हम! घूंऽऽ असा. नीट ऐका."

नीट ऐकलं. खरंच येत होता. तोवर तो आवाज फ्रिजचा असावा असं मी धरून चाललो होतो आणि फ्रिजनेही कधी हरकत घेतली नव्हती. मेहुणा दुसऱ्या दिवशी एसटीने परत गेला, घूं मात्र मुक्कामाला राहिला. आता मी तानपुऱ्यामागचा घूं ऐकायचो, तान संपली की उरलेला घूं ऐकायचो, आणि गाणं बंद केल्यावर घूं गेला की नाही हे पाहायला पुन्हा गाणं लावायचो.

आमच्या सोसायटीत कुणाच्या घरी पाणी गळत असेल तर माणूस मिळत नाही. पण कुणाचं यंत्र बिघडलंय असं कळलं की चहा पुरत नाही. पहिले आले ते चौथ्या मजल्यावरचे एचएएलवाले काका. ओझरला अख्खी नोकरी मिग विमानांच्या सहवासात गेलेली. बेल दोनदा वाजवल्याशिवाय त्यांना ऐकू जात नाही. त्यांनी सोफ्यावर डोळे मिटून मिनिटभर ऐकलं आणि निदान केलं, "हमचं सोडा हो. तुमचा ट्रेबल चौदा हजार हर्ट्झच्या वर मरतोय." साठीनंतर बहुतेकांचे कान बारा हजारांच्या आसपासच थांबतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. पण ज्याने मिग ऐकलं त्याला आपण काय ऐकवणार?

त्यांच्यामागून प्रेसवाले काका. नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. कोणतीही वस्तू पाहिली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कितीला पडला?"

"सासऱ्यांनी दिलाय."

"म्हणजे फुकट. मग घूं येणारच."

अर्थिंग तपासायचं ठरलं. वायरमनने बोर्ड उघडला आणि तो खुदकन हसला. "साहेब, तिसरं भोक नुसतं शोभेला आहे. बिल्डरने भोक दिलं, वायर नाही दिली." मी पैसे मोजून खरंखुरं अर्थिंग करून घेतलं. अ‍ॅम्प लावला. घूं दुप्पट झाला.

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "सोप्पंय दाजी. प्लगची अर्थची पिन तोडून टाका, घूं जाईल."

"घूं जाईल," बायको पलीकडून म्हणाली, "आणि पाठोपाठ तुम्हीही."

शेवटी पहिल्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आला. त्याने काही न बोलता सेट टॉप बॉक्सच्या मागची केबल उपटली. घूं निम्मा झाला. "काका, एक अर्थ तुमच्या प्लगमधून आणि दुसरा केबलवाल्याच्या वायरमधून. दोन्हीकडून जमिनीला टेकलं की मधे वेटोळं होतं आणि त्यात ५० हर्ट्झ फिरत बसतो. तो गेला. आता उरलाय तो १००चा. तो आतला."

थोडक्यात, पैसे खर्च करून, भिंत फोडून आणि बायकोची मालिका बंद पाडून आम्ही मूळ घूंपाशी परत आलो होतो.

अ‍ॅम्प उचलून शालिमारच्या बाजूला एका बोळात बसणाऱ्या दुरुस्तीवाल्या मामांकडे नेला. मामा मीटर नंतर लावतात. आधी हातात धरून वजन करतात. त्यांनी तो अंदाजाने तोलला, झाकण काढलं, ट्रान्सफॉर्मरवर नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, "तांब्याचा आहे. विकू नका. कंडेन्सर सुकलेत, एवढंच."

कंडेन्सर सुकतात हे मला ठाऊक नव्हतं. मामांनी चहा येईपर्यंत समजावलं. घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. अ‍ॅम्पच्या आत ती एका दिशेला वळवली की तिचे १०० उंचवटे होतात, आणि ते उंचवटे सपाट करायचं काम या कंडेन्सरचं. वर्षानुवर्षं गरम डब्यात बसून त्यांच्या आतला द्रव आटतो, उंचवटे तसेच पुढे जातात आणि स्पीकरमधून घूं म्हणून बाहेर पडतात. "लोक आउटपुटला कुठला ट्रान्झिस्टर आहे विचारतात. ३०५५ आहे का, एसटीके आहे का, ४४४० आहे का. अहो, आधी सप्लाय बघा!"

हे मला लगेच पटलं, कारण मी इंदिरानगरात राहतो. बोगद्याच्या अलीकडचा रस्ता कितीही रुंद करा, पलीकडचाही करा, गाड्या किती सुटणार ते बोगदा ठरवतो. अ‍ॅम्पचा बोगदा म्हणजे त्याचा ट्रान्सफॉर्मर.

मामांच्या टेबलावर एक नवाकोरा चकचकीत डबा पडला होता. पुढे सोनेरी अक्षरांत १००० वॉट पीएमपीओ. मामांनी तो उलटा करून मागचा फ्यूज दाखवला. अर्धा अ‍ॅम्पिअर.

"२३० व्होल्ट गुणिले अर्धा. किती झाले?"

"११५ वॉट."

"तेवढ्यात दिवे, पंखा, सगळं आलं."

"मग उरलेले ८८५?"

"ते खोक्यावरून येतात," मामा म्हणाले आणि सोल्डरचा धूर फुंकला.

कंडेन्सर बदलले. घूं गेला. घरात अशी शांतता पसरली की शेजारच्यांचा मिक्सर ऐकू येऊ लागला. आता सुखाने गाणं ऐकावं, तर एचएएलवाले काका पुन्हा हजर. "घूं गेला ते ठीक. पण हा एबी क्लास. तुमच्यासारख्या रसिकाने ए क्लास ऐकायला हवा."

इथे वाचकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. अ‍ॅम्प्लिफायरचे ए, बी, एबी, सी, डी असे वर्ग असतात. ही अक्षरं ज्या क्रमाने रचना सुचत गेल्या त्या क्रमाने पडली. पण अ तुकडीच्या धाकात वाढलेल्या आपल्या पिढीला हे कोण पटवणार? ज्याचा मुलगा ड तुकडीत गेला त्या बापाने आठवडाभर नाक्यावर तोंड दाखवलं नाही, अशा समाजात डी क्लासचा अ‍ॅम्प घेणं म्हणजे खानदानाला बट्टा.

रचना पाहिली तर भांडण साधं आहे. ए वर्गातला ट्रान्झिस्टर कायम पूर्ण प्रवाह घेऊन तयार असतो, गाणं असो वा नसो. बी वर्गात दोघे असतात. एक लहरीचा वरचा अर्धा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. अदलाबदलीच्या क्षणी मात्र दोघेही झोपलेले असतात, त्यामुळे नेमक्या हळुवार आलापात आवाजाला खरखरीत कड येते. एबीमध्ये दोघांनाही थोडा थोडा प्रवाह देऊन जागं ठेवतात. बहुतेक घरांत हाच वर्ग असतो आणि कुणाचं काही अडत नाही.

पण काकांचं अडलं होतं. त्यांनी गंगापूर रोडच्या एका स्नेह्याकडून ए क्लास अ‍ॅम्प आठवड्यापुरता मागून आणला. दोघांनी उचलून टीव्हीच्या टेबलावर ठेवला, तेव्हा टेबल बोललं. दोन्ही बाजूंना २५-२५ वॉट देणारा, आणि त्यासाठी भिंतीतून सतत दोनशे वॉटहून जास्त ओढणारा. मी ऐकतो त्या आवाजाला वॉटभरही लागत नाही. पाच तास लावला की एक युनिट गेलं. महिना मे.

तासाभरात त्यावर पापड भाजता येईल इतका तो तापला. मी काळजीने आवाज कमी केला. काका म्हणाले, "उलटं करताय! हा गाताना थोडा निवतो. गप्प बसलेला असताना सगळ्यात जास्त तापतो."

बायको काही बोलली नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

तापतो म्हणून पंखा लावला. पंख्याच्या घरघरीत आलाप ऐकू येईना म्हणून आवाज वाढवला. आवाज वाढला म्हणून खालून तक्रार आली. शेवटी काकांनी सुचवलं की आवाजाचा खरा दर्जा कळायला पहाटे चारला ऐकावं, तेव्हा हवाही गार असते आणि महावितरणचा पुरवठाही शुद्ध असतो. ते स्वतः मात्र त्या वेळी झोपतात.

इकडे पहिल्या मजल्यावरच्या मुलाने तळहाताएवढी एक पाटी आणली. डी क्लास, टीपीए ३११६ नावाची चिप, जुन्या लॅपटॉपच्या चार्जरवर चालणारी. आतला स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, आणि शेवटी एक कॉइल आणि एक कंडेन्सर मिळून त्यातून गाणं वेगळं काढतात. दहातले नऊ हिस्से वीज स्पीकरला पोचते, त्यामुळे ती पाटी तापत नाही.

"चालू-बंद, चालू-बंद," काका तुच्छतेने म्हणाले. "याला गाणं म्हणायचं? शिवाय यात फीडबॅक भरलाय. फीडबॅकने जीव जातो आवाजातला."

मला एवढंच ठाऊक होतं की फीडबॅकचा शोध लावणाऱ्याने फार सोसलं होतं. हॅरल्ड ब्लॅक नावाचा अमेरिकन इंजिनिअर. दूरच्या टेलिफोनच्या तारांवर शेकडो अ‍ॅम्प एकामागून एक जोडले की प्रत्येकाचा दोष साचत जायचा. १९२७च्या ऑगस्टमध्ये कामावर जाताना हडसन नदीच्या फेरीबोटीवर त्याला सुचलं की बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत आत पाठवावा, म्हणजे चूक आपोआप वजा होते. हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने ते वर्तमानपत्रावर लिहून काढलं. पेटंट कचेरीला ही कल्पना इतकी विचित्र वाटली की पेटंट हाती पडायला १९३७ उजाडलं.

"म्हणजे तोंडातून काही बाहेर पडलं की ते उलटं करून लगेच परत पाठवायचं, म्हणजे पुढचं वाक्य सुधारतं?" बायकोने विचारलं.

"साधारण तसंच."

"मग पेटंट त्याला का मिळालं?"

वाद मिटेना. त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई जिन्यात भेटल्या. काकांनी त्यांना वाल्व्हच्या अ‍ॅम्पची ऊब ऐकवायला सुरुवात केली. मुलगा म्हणाला, "बाई, ती ऊब म्हणजे बिघाड असतो. मूळ सुरात दुसरा हार्मोनिक मिसळतो."

"दुसरा म्हणजे वरचा सा," बाई म्हणाल्या. "तिसरा म्हणजे त्याच्या वरचा पंचम. जवारी लावताना दोरा सरकवून आम्ही तेच तर काढतो. याला बिघाड काय म्हणतोस?"

"आणि सातवा आला तर?"

बाईंनी तोंड वाकडं केलं. "तो आपल्या कुठल्याच सुरात बसत नाही."

प्रेसवाले काका म्हणाले, "अहो, विष्णु दिगंबर पलुस्कर आपल्या पंचवटीत गायचे, तेव्हा कुठला क्लास होता?"

"ए!" एचएएलवाले काका गरजले.

आता निकाल लावणं भाग होतं. मुलाने अमेरिकेतल्या रिचर्ड क्लार्कचा दाखला दिला. त्याने दहा हजार डॉलरची पैज लावली होती. दोन अ‍ॅम्पचा आवाज मोजून समान करायचा, कोणताही ताकदीबाहेर ताणायचा नाही, आणि न पाहता नुसत्या कानाने पुन्हा पुन्हा ओळखून दाखवायचं. पुष्कळांनी प्रयत्न केले. पैसे क्लार्कच्याच खिशात राहिले.

"ते अमेरिकेतले कान," एचएएलवाले काका म्हणाले. "रविवारी घ्या इथे."

रविवारी आमच्या हॉलमध्ये चादरीचा पडदा बांधला. पडद्यामागे सासऱ्यांचा एबी, गंगापूर रोडचा ए आणि लॅपटॉपच्या चार्जरवरचा डी. त्यांना नावं एक, दोन, तीन. मुलाने एक हजार हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला. २.८३ व्होल्ट, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरला बरोबर एक वॉट. तो पीऽऽ आवाज इतका वेळ चालला की समोरच्या फ्लॅटमधून वहिनी घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "घरात कुणी सिरियस आहे का?"

चिवडा आणि चहा फिरला. बायको वही घेऊन गुण लिहायला बसली. पहिल्या फेरीत एकमत झालं. दोन नंबर! काय गाभा, काय ऊब, काय मोकळेपणा. एचएएलवाले काका म्हणाले, "गायक पडद्याच्या मागे नाही, तिकडे गॅलरीत उभा आहे."

"तिकडे वॉशिंग मशीन आहे," बायको म्हणाली, पण गुण लिहिले.

"हाच ए क्लास," काकांनी जाहीर केलं.

मुलाने पडदा बाजूला केला. दोन नंबर म्हणजे डी. मोजून झाल्यावर त्याने गुपचूप त्याचा आवाज २.८३ वरून ३ व्होल्टवर नेला होता. हा फरक अर्धा डेसिबल. एवढ्याने आवाज मोठा झाला असं कुणालाच वाटत नाही, चांगला झाला असं सगळ्यांना वाटतं. दुकानदारांना हे कुठल्याही कॉलेजात न जाता ठाऊक असतं.

दुसऱ्या फेरीत तिघांचा आवाज खरोखर समान केला. गुणांची खिचडी झाली. एकाच अ‍ॅम्पला एचएएलवाल्या काकांनी एकदा नऊ आणि लगोलग चार दिले. प्रेसवाले काका किंमत कळल्याशिवाय गुण द्यायला तयारच होईनात. सगळ्यांची कारणं मात्र भक्कम होती. चादर जाड होती. मल्टिमीटर चिनी होता. चिवडा कुरकुरीत होता.

तिसऱ्या फेरीत मुलाने डीचा लॅपटॉप चार्जर काढून राऊटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला आणि तबला मोठ्याने सोडला. तोवर गोड वाजणारी पाटी पहिल्याच जोरकस 'धा'ला फाटली. १२ व्होल्टमधून आठ ओहमला नऊ वॉटच्या वर निघतच नाहीत, त्यामुळे लहरीचं वरचं टोक सपाट कापलं गेलं. हे मात्र सगळ्यांना ऐकू आलं, बेल ऐकू न येणाऱ्या काकांनाही. जुन्या एबीने तोच 'धा' तांब्याच्या जिवावर निमूट वाजवला. मला मामांचं वजन करणं आठवलं.

एवढा वेळ बाई गप्प होत्या. एचएएलवाल्या काकांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुणालाच गुण दिले नाहीत."

"सगळेच छान वाजले हो. पण गायकाचा कोमल निषाद आला की दर वेळी त्या शोकेसमधला पेला वाजतो."

सगळे शोकेसकडे वळले. बाईंनी गाऊन दाखवलं. वरून दुसऱ्या खणातला स्टीलचा पेला, पाठीमागच्या काचेला चिकटलेला, बारीक किणकिणला. चौदा हजार हर्ट्झ ऐकणाऱ्या कानांना तो आजवर ऐकू आला नव्हता. बायकोने पेल्याखाली रुमाल घातला. मग बाईंनी दोन्ही स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढायला लावले, तेव्हा खर्जातली घुसमटही गेली. तिन्ही अ‍ॅम्पमध्ये मिळून जेवढा फरक कुणाला सापडला नव्हता, त्याहून मोठा फरक एका रुमालाने आणि थोड्या ढकलाढकलीने पडला. खर्च शून्य. त्यामुळे तो कुणाला फारसा रुचला नाही.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मिगच्या सहवासात काढलेल्या आयुष्याला उत्तर सापडत नव्हतं. शेवटी प्रेसवाल्या काकांनी घसा खाकरला.

"म्हणजे, मोठ्याने लावला नाही तर सगळे सारखेच ऐकू येतात, हे सिद्ध झालं ना?"

"झालं," मुलगा विजयी स्वरात म्हणाला.

"आवाजात फरक नाहीच, तर मग सगळ्यात महागडा घ्यायला हरकत काय आहे?"

हा मुद्दा कुणालाच खोडता आला नाही. एचएएलवाल्या काकांनी तर त्यांना टाळीच दिली. मुलाने निमूटपणे मल्टिमीटर पिशवीत टाकला, आणि बायकोने वहीत उभी रेघ मारून खाली लिहिलं, सर्वानुमते मंजूर.